खेळातल्या विहिरीचं पाणी

"दगड! अबे दगड! वरतून दगड येऊन राह्यला ना! सरक! सरक म्हणतो तुले, बहिरा हायेस काय बे!"

ओरडत होते मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा आवाज असा, की आंजीतून त्यांनी बैलाला हाक मारली तर वर्ध्याच्या स्टँडवर उभी असलेली एसटी दोन पावलं मागे सरकायची. तो सगळा आवाज ते त्या दिवशी चौदा इंची काचेच्या आत उभ्या असलेल्या, आगपेटीच्या काडीएवढ्या एका माणसावर खर्च करत होते. त्या माणसाला टोपी होती, हातात कंदील होता, कान मात्र बनवणाऱ्याने दिले नव्हते. दगड पडला. माणूस चपटा झाला. कॉम्प्युटरच्या डब्यातून 'टुईं' असा मरतुकडा आवाज आला आणि खोलीतल्या वीसेक माणसांनी एकदम 'च् च् च्' केलं.

खिडकीबाहेरून एका म्हातारीने विचारलं, "मेला का माय पुन्हा? सकाळपासून पाचवा हाये हा. घरी लेकरंबाळं असतीन त्याच्या."

"एकच हाये तो आजी," मी म्हणालो. "तोच मरतो पुन्हा पुन्हा."

"मंग तं अजूनच वाईट," म्हातारी म्हणाली.

हे नव्वदीच्या मध्यावरचं. मी नागपूरहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन आंजीला परत आलो होतो. दोन्हींपैकी कॉम्प्युटर तेवढा चालत होता. तो मी एसटीत मांडीवर घेऊन आणला, आणि कंडक्टरने मॉनिटरचं अर्धं तिकीट मागितलं, कारण त्याच्या मते ते माझ्यापेक्षा जास्त जागा अडवून बसलं होतं. घरासमोरच्या ज्या खोलीत ढोरांची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, ठेवायचे ती मी झाडून घेतली, चुना मारला, आणि 'येथे संगणक शिकविला जाईल' अशी पाटी लावली. ढेपेचा वास मात्र गेला नाही. पुढे माझ्या हाताखालून शिकून गेलेली माणसं पुण्याच्या थंडगार ऑफिसांत बसली, पण त्यांनाही म्हणे कॉम्प्युटर सुरू केला की सरकीच्या ढेपेचा वास येतो.

पहिल्या महिन्यात शिकायला दोघं आले. त्यातला एक कूलरसाठी येत होता. मोठ्या आईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, जुन्या लुगड्याचा पदर कापून मॉनिटरला झालर लावून दिली होती, आणि रोज सकाळी ती काचेला हळदकुंकू लावायची. ते मी रोज पुसायचो. पुसता पुसता विद्यार्थ्यांची वाट पाहायचो.

मग एक दिवस मी ती फ्लॉपी टाकली. होस्टेलातल्या मित्राने निघताना दिली होती. वर नाव नाही, कागद नाही, नुसतं निळ्या पेनाने 'खेळ' लिहिलेलं. त्या खेळाचं खरं नाव मला आजतागायत माहीत नाही. सुरू केला तर पडद्यावर विहिरीचं तोंड दिसलं, आणि तो कंदीलवाला काठावर उभा. बाणाचं बटन दाबलं की शिडीने खाली उतरायचा. वरून दगड पडायचे, भिंतीतून साप निघायचे, कंदिलातलं तेल संपत आलं की थेंब शोधून उचलावे लागायचे. कोपऱ्यात आकडा होता: पहिला मजला, वीसपैकी. म्हणजे वीस मजले विहीर! जीव तीन. तिन्ही गेले की पुन्हा काठावर. लाइन, म्हणजे वीज, गेली तरी पुन्हा काठावर. आज इथवर आलो, उद्या इथूनच पुढे, अशी काही सोयच नव्हती. आणि आमच्याकडे लाइन दुपारी बाराला जायची ती जायचीच. सूर्य एखाद वेळी उशीर करील, लाइन नाही.

चार दिवसांत सगळं गाव खोलीत. शिकायला नव्हे. या विहिरीच्या तळाशी काय आहे ते बघायला.

शेतकऱ्यांच्या गावात विहीर हा काही साधा विषय नाही. उगाच म्हणून विहीर कोणी खणत नाही, मग या टोपीवाल्याची विहीर कशासाठी? शाळेतल्या गुरुजींचं म्हणणं, धन असणार. किराणा दुकानदाराचं म्हणणं, धन असतं तर खेळ बनवणाऱ्यानेच काढून नेलं नसतं का? न्हाव्याने अशी बातमी आणली की विहिरीचं दुसरं तोंड अमेरिकेत निघतं, कारण कॉम्प्युटर तिकडचा आहे. मोठी आई ओसरीत गवारीच्या शेंगा मोडता मोडता म्हणाली, "घागर असंल. कोणाची पडली असंल अन् हा बिचारा काढाले गेला असंल. नाईतं कंदील घेऊन इहिरीत कोण उतरते?" मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की सगळ्यांत शहाणा अंदाज तिचाच होता.

मोठेबाबा पहिले चार दिवस काहीच म्हणाले नाहीत. ते खांद्यावर दुपट्टा टाकून दाराशी उभं राहायचे आणि नुसते बघायचे. त्याला कारण होतं.

मोठेबाबा पाणाड्या होते. कोणाला विहीर खणायची झाली की त्यांना बोलावणं यायचं. ते अनवाणी वावरात जायचे, तळहातावर नारळ आडवा ठेवायचे, शेंडी पुढे, आणि धीमे धीमे चालायचे. जिथे नारळ आपोआप उभा राहील तिथे खाली पाणी. पंचक्रोशीत त्यांनी दाखवलेल्या विहिरी इतक्या, की पावसाळ्यात त्या सगळ्या एकदम भरल्या तर आंजी तरंगत तरंगत जाऊन पुलगावला लागेल. कधी कोणाची कोरडी निघायला लागली तर त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं: "अजून पाच हात खंदा." आणि खणलं की पाणी लागायचंही. निदान सांगायचे तसं.

पण त्या वर्षी गंमत संपली होती. आमच्या वावराला लागूनच ज्यांचं वावर, ज्यांचा आणि आमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, एकच, त्या भाऊंना मोठेबाबांनी जागा दाखवली होती. तीस हात खणून झालं. खाली काळा खडक. मोठेबाबा म्हणाले, अजून पाच हात. भाऊंनी पाच खणले. मोठेबाबा म्हणाले, अजून पाच. तेव्हा भाऊंनी खणणारे घरी पाठवले आणि विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या काट्या टाकल्या. त्या दिवसानंतर मोठेबाबांना बोलावणं आलं नव्हतं. शिंदी मेघ्याचा एक माणूस येणार होता, तो आला नाही. चावडीवर माणसं त्यांना रामराम करायची, पण बसायला सरकून जागा देईनात. चाळीस वर्षांचा शब्द तीस अधिक पाच हातांच्या खड्ड्यात जाऊन पडला होता. हे सगळ्या घराला दिसत होतं, आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

तर पाचव्या दिवशी मी नवव्या मजल्यावर मेलो, आणि गर्दीतून धुऱ्यावरच्या भाऊंचा आवाज आला. माणूस सरळ, पण जीभ विळ्यासारखी.

"भाऊ, आमच्या इहिरीत तं तुमचा नारळ फसला. आता या इहिरीत पाहा बरं, हाये का पाणी?"

खोली अशी हसली की कूलरमधलं पाणी सांडलं. मोठेबाबा वळले आणि निघून गेले. मला वाटलं, झालं, आता महिनाभर घरात कोणी बोलणार नाही. पण पाच मिनिटांत ते परत आले. हातपाय धुतलेले, अनवाणी, आणि हातात नारळ.

"सरका," ते म्हणाले.

माणसं सरकली. मोठेबाबा तळहातावर नारळ आडवा धरून, वावरात चालावं तसे दारापासून कॉम्प्युटरपर्यंत चालले. आठ पावलांची खोली ओलांडायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणूस वर्ध्याला जाऊन सातबारा काढून आला असता. नारळ काचेपासून वीतभर राहिला तशी त्याच्या शेंडीचे केस एकेक करून ताठ झाले आणि काचेकडे वळले. मला डिप्लोमात शिकवलं होतं, चालू पडद्यावर वीज साचते, हाताचे केसही उभे राहतात. सांगायला मी तोंड उघडलंही. पण तोवर नारळच हलला. आधी जरासा डगमगला, मग हळूच, झोपेतून उठून बसावं तसा, तळहातावर उभा राहिला.

खिडकीबाहेरची म्हातारी म्हणाली, "काचेतबी पाणी असते वो माय!"

"हाये," मोठेबाबा म्हणाले. "याच्या तळाले पाणी हाये." मग भाऊंकडे वळून, "आयक. याच्या तळाले पाणी निघालं, तं तू अजून पाच हात खंदजो. नाई निघालं, तं हा नारळ फोडून सगळ्याइले वाटतो, अन् पुन्हा जिंदगीत कोणाच्या वावरात नारळ घेऊन पाय ठेवत नाई."

"अहो भाऊ, मी मजाक केली..."

"मी नाई केली."

झालं. आता तो खेळ राहिला नाही. मोठेबाबांचा चाळीस वर्षांचा शब्द माझ्या दोन बोटांवर येऊन बसला.

पुढचे दहा दिवस मी जे खेळलो त्याला खेळणं म्हणत नाहीत. सकाळी आठला बसायचो आणि बाराच्या आत वीस मजले उतरायचे. कधी अकराव्यावर साप, कधी चौदाव्यावर तेल संपलेलं, आणि एकदा तर सोळाव्या मजल्यावर, तिन्ही जीव शाबूत, अशा वेळी बारा वाजले. पडदा एका ठिपक्यात गोळा होऊन विझला. मोठेबाबा बाजूला स्टुलावर बसून ओरडायचे, सुरुवातीला सांगितलं तसे. माझं बोटावर कमी आणि कानावर जास्त लक्ष जायचं. त्यांना वाटायचं, मोठ्याने सांगितलं तर तो कंदीलवाला एखाद दिवशी ऐकेल. "अबे त्याले सांग ना डाव्या अंगाले चालाले!" "मोठेबाबा, त्याले ऐकू येत नाई." "तुले येते ना? मंग तू चाल!"

अकराव्या दिवशी माझा हात लागला. सकाळपासून दगड चुकत होते, तेल मिळत होतं. साडेअकराला सतराव्या मजल्यावर होतो, पण जीव एकच उरलेला. धुऱ्यावरचे भाऊ ढेपेच्या रिकाम्या पोत्यावर बसून नखं खात होते. आणि माझ्या हाताला असा घाम सुटला की बटनं माशासारखी निसटायला लागली.

"उठ बापू," मागून मोठी आई म्हणाली.

"मोठी आई, आता नको ना..."

"उठ म्हणलं ना. तुह्या हातात जीव नाई राह्यला. त्याचाबी जाईन."

तिने पदराला हात पुसले आणि बसली. मला हसावं की रडावं कळेना. पण या बाईची गोष्ट अशी, की कापूस वेचायला निघाली तर दोन्ही हातांनी वेचायची, आणि तिच्या ओळीत मागून येणाऱ्या बाईला नुसत्या रिकाम्या पऱ्हाट्या दिसायच्या. गेले पंधरा दिवस ती ओसरीतून शेंगा मोडत, गहू निवडत सगळं बघत होती. कोणता दगड कितव्या मोजणीला सुटतो, तिला पाठ होतं. उखळात मुसळ मारताना मोजावं तसं ती तोंडातल्या तोंडात मोजायची, "एक... दोन... तीन... जाय." कंदीलवाला जायचा. दगड त्याच्या मागे पडायचा. "एक... दोन... थांब माह्या राजा... जाय." साप भिंतीतून निघून हात चोळत परत जायचा.

अठरा. एकोणीस. मोठेबाबांचा आवाज पहिल्यांदा बंद झाला होता. त्यांनी नारळ मांडीवर घेतला होता आणि त्याची शेंडी दोन बोटांत धरली होती, लहान मुलाची धरावी तशी.

बाराला दहा कमी असताना विसावा मजला लागला. खाली एकही शिडी नाही. फक्त एक लाकडी दार, आणि दारासमोर किल्ली. मोठ्या आईने किल्ली उचलली. दारापाशी नेली. क्षणभर थांबून तिने नवऱ्याकडे बघितलं.

"उघडू का?"

मोठेबाबांनी मान हलवली. हो की नाही, कोणालाच कळलं नाही. तिने बटन दाबलं.

दार उघडलं, आणि पडदा काळा.

"लाइन गेली!" वीस माणसं ओरडली. पण कूलर चालू होता. मग काळ्या पडद्यावर, मधोमध, इंग्रजीत एक पांढरी ओळ उमटली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय लिहिलं हाये?" धुऱ्यावरच्या भाऊंनी विचारलं.

मी दोनदा वाचलं. "दुसरी फ्लॉपी टाका, असं लिहिलं हाये."

"म्हणजे?"

"म्हणजे विहीर इथं संपत नाई. बाकीची दुसऱ्या फ्लॉपीत हाये."

"मंग टाक ना बापू!"

"मित्रानं एकच दिली होती."

वीस मजले! अकरा दिवस! न्हावी म्हणाला, "अमेरिकेवाल्याइनं दार लावून घेतलं." कोणी हसलं नाही. सगळे मोठेबाबांकडे बघत होते. मी वाट बघत होतो त्यांच्या त्या ठरलेल्या वाक्याची. अजून पाच हात खंदा. इतकी चालून आलेली संधी जन्मात मिळाली नसती. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. पाणी निघालं नव्हतं. निघालं नाही असंही नव्हतं. त्यांनी नारळाकडे बघितलं आणि फोडायला उठले. मला वाटतं, ते खरंच फोडणार होते.

"थांबा भाऊ," धुऱ्यावरचे भाऊ म्हणाले. ते अजून त्या पांढऱ्या ओळीकडेच बघत होते. "हे मशीनबी तेच म्हणून राह्यलं. खाली हाये अजून." मग, जणू स्वतःशीच, "याची दुसरी फ्लॉपी काही आपल्यापाशी नाई. माह्या इहिरीची तं हाये माह्यापाशी. सब्बल, कुदळ अन् टोपलं."

तेवढ्यात बारा वाजले आणि लाइन गेली.

चौथ्या दिवशी भाऊंनी बाभळीच्या काट्या काढल्या. ते म्हणायचे, पाण्यासाठी कमी आणि झोपेसाठी जास्त; डोळे मिटले की ते लाकडी दार दिसायचं आणि पलीकडे काय ते कळायचं नाही. खडकाला सुरुंग लावला, आणि तिसऱ्या हाताला पाणी लागलं. नुसतं ओलं नव्हे. खणणारे शिडी सोडून वर उडाले, त्यातला एक म्हणे सरळ बाभळीवर जाऊन बसला. ही गोष्ट मी वाढवून सांगतो असा आरोप आहे. पण विहीर आजही आहे, आणि बाभूळही.

पुन्हा बोलावणी सुरू झाली. शिंदी मेघ्याचा माणूस बैलगाडी घेऊन आला. आर्वीकडून आले. चावडीवर मोठेबाबांना बसायला अख्खी सतरंजी मोकळी होऊ लागली. ते जाऊन बसायचे, चहा प्यायचे, आणि 'आता डोळ्याले दिसत नाई', 'आता चालवत नाई', 'यंदा नाई' असं काही ना काही सांगून माणसं परत पाठवायचे. पैज जिंकलेल्या माणसाने पैज हरल्यासारखं वागावं, याचा मला काही उलगडा होईना. नारळ तर देवघरात तसाच सुकत ठेवलेला. मोठी आई त्याला हळदकुंकू लावायची. ते कोणी पुसत नसे.

दुसऱ्या फ्लॉपीचा तपास मी सोडला नाही. मित्राला पत्र टाकलं. त्यालाही एकच मिळाली होती. पुढे दोन हजार सालानंतर हायवेवरच्या जाम गावच्या चौकात, ट्रक थांबतात तिथे, इंटरनेटचं दुकान निघालं. हिंगणघाटला कामाला गेलो की मी तिथे उतरायचो आणि विहीर, कंदील, टोपी, असं इंग्रजीत लिहून शोधायचो. पडद्यावर पितळेचे कंदील विकणारे आणि बोअर मारणारे यायचे. माझा टोपीवाला कुठेच नाही. जगात तो खेळ फक्त आंजीत खेळला गेला की काय, अशी मला कधी कधी शंका येते. दाराच्या पलीकडे धन होतं, अमेरिका होती, की कोणाची पडलेली घागर, हे मला अजून कळलेलं नाही, आणि न कळण्याची ही खाज वीस वर्षांत एका कणानेही कमी झालेली नाही.

एकदा असाच जामहून हात हलवत परत आलो. मोठेबाबा भाऊंच्या विहिरीच्या काठावर बसले होते. मोटर चालू होती, पाइपातून पाणी धो धो पाटात पडत होतं. बाजूला बसलो आणि इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारला. दुसरी फ्लॉपी मिळणार नाही, निदान पहिलीचं तरी कळू दे, असं वाटलं.

"मोठेबाबा, खरं सांगा. त्या दिवशी काचेपुढे नारळ कसा उभा राह्यला होता?"

त्यांनी पाटातलं एक ढेकूळ पायाने बाजूला केलं. पाणी सरळ वाहू लागलं.

"धरून धरून हात भरून आलता माहा, वळला जरासा," ते म्हणाले.